पुराव्याआधी गोळी

‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय साप्ताहिकाच्या 23 फेब्रुवारी 2000 च्या अंकात मेरीलँड विद्यापीठातील ज्युली झिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. कुठल्या नव्या औषधाची बातमी त्यात नव्हती. गरिबांसाठी सरकार चालवते त्या मेडिकेड आरोग्य विम्याची दोन राज्यांतली दप्तरे आणि एका खासगी आरोग्य योजनेचे दप्तर उघडून त्यांनी 1991 ते 1995 या काळातल्या औषधांच्या चिठ्ठ्या मोजल्या होत्या. मुलांची संख्या दोन लाखांच्या वर, वय 2 ते 4 वर्षे. त्या अवधीत रिटॅलिनसारख्या उत्तेजक औषधांचा वापर काही ठिकाणी तिप्पट झाला होता, नैराश्यावरच्या औषधांचा साधारण दुप्पट, आणि मुळात रक्तदाबासाठी निघालेल्या क्लोनिडीनचा तर एका ठिकाणी 28 पट. क्लोनिडीनचा सुरुवातीचा आकडा फार लहान होता, म्हणून पट मोठी दिसते, हे खरे. तरीही या योजनांतली शेकडा एक ते दीड मुले मनावर काम करणारे कोणते ना कोणते औषध घेत होती, आणि त्यांतली काही जेमतेम दोन शब्द जोडून बोलू लागण्याच्या वयाची होती. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कॉइल यांनी त्याच अंकाच्या संपादकीयात स्पष्ट लिहिले की इतक्या लहान वयात ही औषधे द्यावीत याला प्रत्यक्ष चाचण्यांचा आधार नाही, आणि वाढत्या मेंदूला त्यांच्यापासून अपाय होण्याची भीती अनाठायी नाही. महिनाभरात हा विषय थेट व्हाइट हाउसपर्यंत गेला.

तेव्हापासून आजपर्यंत या प्रश्नावर अमेरिकेत दोन तट पडलेले आहेत. एका तटाला वाटते की खोडकर, हूड पोरांना गुंगीत ठेवण्याचा हा उद्योग आहे आणि आजार वगैरे सगळे थोतांड आहे. दुसऱ्या तटाला वाटते की आजारी मुलाला औषध नाकारणे हीच खरी निर्दयता. मला या दोन्ही तटांवर उभे राहता येत नाही. या इतिहासाची कागदपत्रे पाहिली तर दोष क्रमाचा दिसतो: आधी गोळी दिली गेली, पुरावा मागाहून शोधला गेला, आणि औषधाशिवायची जी मदत सर्वांत आधी मिळायला हवी होती ती बहुतेकांना मिळालीच नाही. मोठ्या माणसाला औषध सोसले नाही तर तो डॉक्टरला तसे सांगतो, नाही तर गोळ्या कचऱ्यात टाकतो. तीन वर्षांच्या मुलाला यातले काहीच करता येत नाही. आपल्याला छातीत धडधडते आहे की भीती वाटते आहे, हेही त्याला वेगळे करून सांगता येत नाही. म्हणून वय जितके लहान तितका पुरावा जास्त मागायला हवा. अमेरिकेत नेमके उलटे घडले, आणि ते कसे घडले हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ऱ्होड आयलंड राज्यात ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे ब्रॅडली कुटुंबाने आपल्या मुलीच्या स्मरणार्थ 1931 साली मुलांसाठी एक रुग्णालय सुरू केले. लहानपणी मेंदूज्वराने त्या मुलीचा मेंदू कायमचा अधू झाला होता. याच घराण्यातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली तिथले प्रमुख असताना मेंदूचे क्ष-किरण चित्र घेण्यासाठी कण्यातले पाणी काढून त्या जागी हवा सोडत. या तपासणीनंतर मुलांची डोकी भयंकर दुखत. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीला फारसा फरक पडला नाही, पण शिक्षकांच्या लक्षात आले की काही मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला आहे. मग ब्रॅडलींनी 5 ते 14 वर्षांची 30 मुले निवडली. एक आठवडा औषधाविना निरीक्षण, एक आठवडा रोज सकाळी औषध, आणि पुन्हा एक आठवडा औषधाविना, असा क्रम ठेवला. 30 पैकी 14 मुलांची शाळेतली प्रगती थक्क करणारी होती, आणि औषध थांबताच ती ओसरली. 1937 साली हे सारे त्यांनी प्रसिद्ध केले. आजच्या कसोटीला ही चाचणी पुरेशी नाही. तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि औषध कोणाला दिले आहे हे निरीक्षकांना ठाऊक आहे. पण तिची एक बाजू मला फार मोलाची वाटते. ती मुले त्याच इमारतीत राहत होती. परिचारिका, शिक्षक, डॉक्टर यांची त्यांच्यावर दिवसरात्र नजर होती. मूल जेवले का, झोपले का, उगाच रडले का, हे टिपून ठेवणारी माणसे तिथे होती, आणि औषध बंद करून पाहण्याची तयारीही होती. पुढच्या साठ वर्षांत ईस्ट प्रॉव्हिडन्समधून देशभर औषध पोचले. ही देखरेख मात्र तिथेच राहिली.

मधला काळ लवकर सांगता येतो. सीबा कंपनीचे रसायनतज्ज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी 1944 साली मेथिलफेनिडेट तयार केले आणि पत्नी मार्गरीट, म्हणजे रीटा, हिच्यावरून त्याचे रिटॅलिन असे नाव पडले. 1961 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांसाठी त्याला परवानगी दिली. 1962 च्या कायद्याने औषध गुणकारी असल्याचे सिद्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, तेव्हा मुलांवर चाचण्या करण्याचा खर्च आणि धोका पत्करण्यापेक्षा ‘मुलांबाबत सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ अशी ओळ माहितीपत्रकावर छापणे कंपन्यांना सोयीचे वाटू लागले. हॅरी शर्की या बालरोगतज्ज्ञाने 1963 मध्येच मुलांना ‘औषधोपचारातले अनाथ’ म्हटले होते. याचा एक विचित्र परिणाम आजही दिसतो. अधिक अभ्यासलेल्या मेथिलफेनिडेटची शिफारस 6 वर्षांपासून आहे, तर जुन्या काळी मंजूर झालेल्या डेक्स्ट्रोअँफेटामिनची 3 वर्षांपासून, आणि या दुसऱ्या शिफारशीमागे आज मागितल्या जातात तशा चाचण्या नाहीत. 1970 साली ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांना गोळ्या दिल्या जातात अशी बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दिली. तिच्यातल्या आकड्यांवर वाद झाला, संसदेच्या समितीपुढे सुनावणीही झाली. पण ती सगळी चर्चा शाळेच्या बाकावर बसणाऱ्या मुलांची होती. पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या मुलांचा विचार करण्याचे कोणाला कारणच वाटले नाही.

नव्वदच्या दशकात हे कारण एकदम उभे राहिले. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झेब्ली खटल्यात मुलांच्या अपंगत्व भत्त्याचे निकष सैल केले. 1991 मध्ये शिक्षण खात्याने परिपत्रक काढून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार, असलेली मुले विशेष शिक्षणाला पात्र ठरू शकतात असे कळवले. हे दोन्ही निर्णय मुलांच्या भल्याचे होते आणि हजारो कुटुंबांना त्यांचा खरा उपयोग झाला. पण त्यामुळे निदानाच्या नावाला प्रथमच पैशाचे आणि सोयीसवलतींचे वजन आले. नोकरी करणाऱ्या आयांची लहान मुले मोठ्या संख्येने पाळणाघरांत आणि बालवाड्यांत जाऊ लागली, आणि एका जागी बूड न टेकणारे मूल घरापुरती अडचण न राहता वीस मुलांच्या वर्गाची अडचण झाले. याच सुमारास विमा कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली. मानसोपचाराच्या दहा भेटींना मंजुरी मिळवताना नाकी नऊ येत, औषधाच्या चिठ्ठीला मात्र फारसे कोणी अडवत नसे. मिशिगन राज्यातल्या मेडिकेडच्या नोंदींवरून 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सगळ्याचे फळ दिसते. तीन वर्षांची किंवा त्याहून लहान 223 मुले, सगळ्यांच्या नावापुढे एडीएचडीचे निदान. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना औषधे चालू होती, आणि औषधे तरी किती, 22 प्रकारची, निरनिराळ्या जोड्या करून दिलेली. मानसोपचार सेवा मिळाली होती ती साधारण चौथ्या हिश्श्याला. यातली अनेक मुले पडण्या-लागण्यामुळे दवाखान्यात आलेली होती, म्हणजे त्रास खोटा नव्हता. पण 22 औषधे हा आकडा सांगतो की कोणत्या औषधाने काय होते हे कोणालाच नक्की माहीत नव्हते आणि जो तो आपल्या अंदाजाने चालला होता.

20 मार्च 2000 रोजी हिलरी क्लिंटन यांनी या प्रश्नावर सरकारी उपाययोजना जाहीर केली. त्यात राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने पैसे पुरवायच्या एका मोठ्या चाचणीचा समावेश होता. कोलंबिया विद्यापीठाचे लॉरेन्स ग्रीनहिल तिचे प्रमुख, आणि सहा विद्यापीठे तिच्यात सहभागी. ती जाहीर होताच एक आक्षेप आला आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे: तीन वर्षांचे मूल संमती देऊ शकत नाही, मग त्याच्यावर प्रयोग करण्याचा हक्क कोणाला? अमेरिकेत 1983 पासून लागू असलेले नियम सांगतात की किरकोळापेक्षा जास्त धोका असलेला प्रयोग मुलावर करायचा तर त्यातून त्या मुलालाच थेट लाभ होण्याची शक्यता हवी. हा नियम पाळून चाचणी आखली गेली. पण माझ्या मते या आक्षेपाचे खरे उत्तर झिटो यांच्या मोजणीत होते. प्रयोग तर आधीच सुरू होता, देशभरच्या दवाखान्यांत, हजारो मुलांवर. फक्त त्याच्या नोंदी ठेवणारे, मुलाचे वजन घटले तर औषध थांबवा म्हणणारे, आणि पालकांना ‘आम्हाला अजून माहीत नाही’ असे स्पष्ट सांगणारे कोणी नव्हते. ज्या कृत्याला संशोधन म्हटले की नैतिकतेची समिती बसते, तेच कृत्य उपचार म्हणून केले की कोणीच विचारत नाही. हे मला त्या चाचणीपेक्षा कितीतरी अधिक धक्कादायक वाटते.

चाचणी प्रत्यक्षात कशी झाली हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण घाई न करता औषध कसे द्यावे याचे ते चांगले उदाहरण आहे. 3 ते साडेपाच वर्षांची 303 मुले घेतली, आणि तीही ज्यांची लक्षणे तीव्र होती अशीच. औषधाआधी पालकांना दहा आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. मुलाला सूचना कशी द्यावी, चांगल्या वागण्याची दखल कशी घ्यावी, हट्टाच्या वेळी आपण स्वतः कसे शांत राहावे, हे सारे त्यात होते. काही मुले तेवढ्यानेच सावरली. काही पालकांनी प्रशिक्षणानंतर औषध नकोच असे ठरवले. उरलेल्यांतल्या 165 मुलांना आळीपाळीने मेथिलफेनिडेटच्या चार मात्रा आणि औषध नसलेली नकली गोळी देऊन तुलना केली. सर्वांत लहान मात्रा 1.25 मिलिग्रॅम, म्हणजे बाजारातल्या 5 मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर तुकडा, दिवसातून तीनदा. प्रत्येक टप्प्यावर पालकांची संमती नव्याने घेतली गेली. 2006 च्या शेवटी निष्कर्ष आले. औषधाने फायदा होतो, पण शाळकरी मुलांत होतो त्यापेक्षा कमी. दर दहांतल्या एकाहून थोड्या अधिक मुलांना त्रासामुळे औषध सोडावे लागले: रडारड, चिडचिड, झोप न लागणे, भूक मरणे. वर्षभर औषध घेणाऱ्या मुलांची उंची अपेक्षेपेक्षा वर्षाला सुमारे 1.4 सेंटिमीटर कमी वाढली आणि वजन सुमारे 1.3 किलो कमी वाढले. चार वर्षांच्या मुलाचे वजन वर्षाला दोनेक किलोच वाढते, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे गांभीर्य कळते. 2013 मध्ये आलेल्या पाठपुराव्यात, सहा वर्षे उलटल्यावरही, दहांतल्या जवळजवळ नऊ मुलांत लक्षणे निदानाइतकी टिकून होती.

या निष्कर्षांनी दोन्ही तटांना उत्तर दिले. ज्या मुलांची नीट पारख करून निवड झाली त्यांचा त्रास खरा होता आणि टिकणारा होता. मूल मोठे झाले की आपोआप निवळेल, हा आजीचा दिलासा त्यांच्या बाबतीत पोकळ ठरला. आणि औषधाची किंमतही खरी होती. ती आधी माहीत नव्हती, कारण कोणी मोजलीच नव्हती. वर्षाला सुमारे सव्वा किलो वजनवाढ गमावून मुलाला बालवाडीत बसता येत असेल, त्याचे अपघात टळत असतील, तर एखादी आई विचारपूर्वक हो म्हणेल आणि तिला दोष देता येणार नाही. पण विचार करायचा तर दोन्ही पारड्यांत काय आहे ते दिसले पाहिजे. 1991 ते 2006 या पंधरा वर्षांत ज्या पालकांनी होकार दिला त्यांना एकच पारडे दाखवले गेले होते.

मेथिलफेनिडेटला निदान चाचणी तरी लाभली. त्याच वर्षांत त्याहून कितीतरी जड औषधे अशा कुठल्याही चाचणीविना लहान मुलांपर्यंत उतरत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील जोसेफ बीडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की तीव्र चिडचिड करणाऱ्या अनेक मुलांना प्रत्यक्षात बायपोलर म्हणजे उन्माद-नैराश्याचा विकार असतो. हा विचार वाऱ्यासारखा पसरला. दवाखान्यांतल्या भेटींच्या राष्ट्रीय नोंदींनुसार लहान आणि किशोरवयीन मुलांमधले हे निदान 1994-95 ते 2002-03 या काळात दर लाखामागे 25 भेटींवरून 1,003 भेटींवर गेले. एखादा मेंदूविकार आठ-नऊ वर्षांत चाळीसपट वाढत नाही. वाढते ते निदान. निदान बदलले की औषध बदलते, आणि अँटीसायकोटिक गटातली रिस्पेरिडोनसारखी औषधे, ज्यांनी वजन आणि साखर वाढते, मुलग्यांची छातीही वाढू शकते, ती चार-पाच वर्षांच्या मुलांना लिहून दिली जाऊ लागली. 2008 साली सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत उघड झाले की बीडरमन यांना 2000 ते 2007 या काळात औषध कंपन्यांकडून किमान 16 लाख डॉलर मिळाले होते आणि त्याचा पुरता हिशेब त्यांनी आपल्या विद्यापीठाला, म्हणजे हार्वर्डला, दिला नव्हता. आपल्या संशोधनावर पैशाचा परिणाम झाला नाही असे त्यांचे म्हणणे होते. 2011 मध्ये हार्वर्डने त्यांच्यावर नियमभंगाची कारवाई केली. जॉन्सन अँड जॉन्सनने 2013 मध्ये सरकारशी जी 2.2 अब्ज डॉलरची तडजोड केली, तीत रिस्पेरिडोनचा मंजूर वापराबाहेर, मुलांसाठीसुद्धा, प्रचार केल्याचा आरोप होता. बीडरमन यांचा हेतू शुद्ध होता असे मानले तरी गोष्ट बदलत नाही. ज्या प्रश्नावर पुरावा सर्वांत तुटपुंजा होता, त्या प्रश्नावरचे सर्वांत वजनदार मत औषध विकणाऱ्यांच्या पैशापासून मोकळे नव्हते.

13 डिसेंबर 2006 रोजी बॉस्टनजवळच्या हल या गावात चार वर्षांची एक मुलगी मरण पावली. अडीच वर्षांचीही नसताना तिला एडीएचडी आणि बायपोलर अशी दोन निदाने मिळाली होती आणि तीन औषधे चालू होती. मृत्यूचे मुख्य कारण क्लोनिडीनचा अतिरेकी डोस. आई-वडिलांवर खटले चालले आणि 2010 मध्ये दोघे खुनाच्या आरोपांखाली दोषी ठरले. डॉक्टरवर फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यही असेल, कारण लिहून दिलेल्या मात्रेपेक्षा जास्त औषध पाजले ते पालकांनी. पण न्यायालयापुढे आला तो तिच्या आयुष्याचा शेवट. अठ्ठावीस महिन्यांच्या मुलीला उन्माद-नैराश्य आहे हे कोणत्या कसोटीवर ठरले, हा प्रश्न त्या खटल्याचा नव्हताच. तो आधीच विचारायला हवा होता, आणि तो विचारण्याची कोणतीही सक्ती त्या वेळच्या व्यवस्थेत नव्हती. 2013 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत सततच्या चिडचिडीसाठी वेगळे निदान घातले, ते बायपोलरचा हा अतिवापर आवरावा याच हेतूने.

गोळी सर्वांत जास्त कोणाच्या वाट्याला आली, याचे उत्तर या इतिहासातले सर्वांत कष्टी करणारे पान आहे. मेडिकेडवरच्या मुलांना अँटीसायकोटिक औषधे खासगी विमा असलेल्या मुलांच्या चौपट दिली जातात, असे 2009 मध्ये समोर आले. काहींचे म्हणणे असे की गरिबीत ताण जास्त, म्हणून आजारही जास्त. त्यात तथ्य आहे, पण चौपट फरक एवढ्याने भागत नाही. आणि आई-वडिलांपासून काढून सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेल्या मुलांची गत याहून वाईट होती. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2011 मध्ये पाच राज्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेडिकेडवरच्याच इतर मुलांच्या तुलनेत या मुलांना मनोविकारांवरची औषधे 2.7 ते 4.5 पट जास्त दिलेली आढळली. त्यांत वर्ष न भरलेली तान्ही बाळेही होती. आईपासून तुटलेले मूल रात्री रडते, मारते, चावते. हे दुःख आहे, आणि त्याची भाषा तेवढीच असते. पण ज्या मुलाची घरे बदलत राहतात त्याच्या चिठ्ठ्याही वाढत जातात, कारण आधीची बंद करून पाहण्याइतके त्याला ओळखणारे माणूस उरत नाही. कॅलिफोर्नियाने 1999 मध्येच अशा मुलांना ही औषधे द्यायची तर न्यायाधीशाची परवानगी लागेल असा कायदा केला होता. त्याने सगळे सुधारले नाही, पण निदान एका त्रयस्थ माणसाला ‘का?’ असे विचारण्याचे बंधन आले.

यावर बालरोगतज्ज्ञांचे एक उत्तर असते आणि ते टाळून चालणार नाही. मुलांच्या वैद्यकात मंजूर वापराबाहेर औषध देणे हा अपवाद नसून नेहमीची रीत आहे. नवजात बाळांच्या कक्षात तर त्यावाचून पानही हलत नाही. मग मनोविकारांच्या औषधांनाच वेगळी फूटपट्टी का? माझे उत्तर असे की नवजात कक्षात परिणाम मोजता येतो आणि तो बाळासाठीच असतो: श्वास सुधारला, रक्तदाब सावरला. अतिचंचलतेत मोजमाप करणारे आपण मोठी माणसे असतो, आणि जे मोजतो त्यात आपली स्वतःची सोय मिसळलेली असते. याचा पुरावा जन्मतारखांत आहे. 1 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण व्हावीत असा शाळाप्रवेशाचा नियम असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा त्यांना एडीएचडीचे निदान सुमारे 34 टक्के जास्त मिळते, असे 2018 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूचा विकार जन्माचा महिना बघून येत नाही. म्हणजे काही मुलांचा आजार एवढाच असतो की ती वर्गातल्या इतरांपेक्षा वर्षभराने लहान आहेत. सहा वर्षांच्या मुलात एवढी गफलत होत असेल, तर तीन वर्षांच्या मुलात ती किती होत असेल!

दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे आणि मला तेच सर्वांत अवघड वाटते. येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी 2005 मध्ये दाखवले की सरकारी मदतीच्या बालवाड्यांतून मुलांना काढून टाकण्याचे प्रमाण शाळांच्या तिपटीहून अधिक आहे. चार वर्षांच्या मुलाला काढले की आईची नोकरी जाते, नोकरी गेली की घरभाडे थकते. तिच्यापुढे बसलेल्या डॉक्टरला ठाऊक असते की पालक-प्रशिक्षण हा पहिला उपाय आहे, आणि हेही ठाऊक असते की त्याच्या जिल्ह्यात ते देणारे कोणी नाही. फ्लोरिडातल्या शीला आयबर्ग यांनी रुजवलेल्या पद्धतीत आई मुलाशी खेळत असते, आरशासारख्या काचेमागे तज्ज्ञ बसलेला असतो आणि आईच्या कानातल्या यंत्रातून तो हळूच सांगत राहतो: त्याने ठोकळा ठेवला, त्याचे कौतुक करा, आता ओरडला, तिकडे लक्ष देऊ नका. हे काम महिनोन्‌महिने चालते, त्याला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. अशा ठिकाणी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला मी दोषी म्हणणार नाही. त्याच्या हातात जे होते ते त्याने दिले. पण त्याच्या हातात तेवढेच का होते, याचा जाब ज्या व्यवस्थेने गोळीचे पैसे भरले आणि त्या काचेमागच्या माणसाचे भरले नाहीत तिला द्यावा लागेल. लाखो ठिकाणी केलेली एकेकाची दया म्हणजे धोरण नव्हे, आणि ती कधीच पुरावा होऊ शकत नाही.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 साली हा क्रम लेखी केला आणि 2019 मध्ये पुन्हा बजावला: 4 आणि 5 वर्षांच्या मुलांत आधी पालक-प्रशिक्षण, त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास मोठा असला तरच मेथिलफेनिडेट. चाराखालच्या मुलांसाठी औषधाची शिफारसच नाही. तरी 2014 मध्ये देशाच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अधिकाऱ्यांनी अंदाज मांडला की 2 आणि 3 वर्षांची दहा हजारांहून अधिक मुले अतिचंचलतेची औषधे घेत आहेत. 2016 मध्ये याच केंद्राने सांगितले की एडीएचडीवर उपचार घेणाऱ्या 2 ते 5 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 75 टक्के औषध घेतात आणि मानसोपचार सेवा मिळते ती जेमतेम निम्म्यांना. ऑगस्ट 2025 मध्ये आठ मोठ्या आरोग्यसंस्थांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 3 ते 5 वर्षांत निदान झालेली 9,708 मुले होती. त्यांतल्या 42 टक्क्यांना निदानानंतर 30 दिवसांच्या आत औषधाची चिठ्ठी मिळाली होती. ग्रीनहिल यांच्या चाचणीतले पालक-प्रशिक्षण पूर्ण व्हायला दहा आठवडे लागत.